खंडेनवमीला सुरा उचलायचा नसतो

मान

“रक्त दिसायला पाहिजे, अक्का. स्वल्प दिसलं तरी पुरे,” विनोदकुमार म्हणाला आणि त्यानं मोबाइल आडवा धरला.

“बोकडाचं चालतंय काय?” हेमावतीनं विचारलं.

सत्तूर खाली आला. मानेचा मणका दोन जागी झाला आणि हाडाची एक कपची उडून विनोदकुमारच्या कडक पांढऱ्या शर्टावर बसली. त्यानं ती चिमटीत धरून उचलली, कुठं टाकावी ते कळेना, म्हणून खिशात घातली.

“थट्टा नको ओ अक्का. शनिवारी सभा आहे. तू स्टेजवर फक्त उभी राहायचीस. ‘खुन्याला सोडू नका’ एवढं म्हणायचं. बाकीचं मी बोलतो.”

“तू बोलणारच की. लहानपणापासून कोण गप्प करू शकलंय तुला?”

कॉटनपेटेच्या मागच्या गल्लीत हेमावतीचं मिलिटरी हॉटेल होतं. बेंगळुरात मटणाच्या खाणावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात. शिपायांचा आता त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं, गुंडूराव. गुंडूरावला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. गेला म्हणजे मेला नव्हे, मारला गेला. याच स्वयंपाकघरात, याच चिंचेच्या ओंडक्यापाशी, त्यांच्याच कसायानं त्याला भोसकलं. त्याचं नाव कृष्णात. निपाणीकडचा. जन्मठेप झाली.

आता बेंगळुराबाहेर होसकोट्यात कृष्णातच्या बहिणीच्या घरी त्याची म्हातारी आई, चंद्राबाई, शेवटच्या घटका मोजत होती आणि त्यानं महिन्याभराचा पॅरोल मागितला होता. एरवी अशा अर्जाकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण दूर कुठल्याशा गावात पॅरोलवर सुटलेल्या एकानं बायकोला जाळलं होतं आणि महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. सत्तेतल्या पक्षाचं म्हणणं, माणूस सुधारतो. विरोधातल्यांचं म्हणणं, माणूस फक्त सुटतो. विनोदकुमार विरोधातला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं फ्लेक्स लावला होता. त्यावर कृष्णातचा जुना फोटो, काळेभोर केस, जाड मिशा, आणि खाली लाल अक्षरांत: हा तुमच्या गल्लीत येतोय.

“बरं, दोन घास खाऊन तरी जा,” हेमावती म्हणाली.

विनोदकुमारनं काळीज फ्राय मागवला आणि जनतेच्या सुरक्षिततेबद्दल बोलत बोलत सगळा संपवला.


काळीज

पंधरा वर्षांपूर्वी, गुंडूराव गेला त्या दिवशी खंडेनवमी होती. गल्लीत सगळे आयुधपूजा म्हणत. स्कूटरला झेंडू, लेथला झेंडू, शिवणयंत्राला झेंडू. हेमावतीच्या हॉटेलात ओंडका धुऊन त्यावर लाल कापड अंथरत आणि प्रत्येक कामगाराचा सुरा त्यावर मांडत. इथं सुरा हॉटेलचा नसतो, माणसाचा असतो. मालक एकेका सुऱ्याला कुंकू लावतो, त्याच्या धन्याचं नाव घेतो आणि त्याच्या हातात विडा देतो. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत सुरा उचलायचा नसतो. त्या दिवशी तो देवीचा.

आदल्या आठवड्यापासून गुंडूराव आणि कृष्णात यांचं बिनसलं होतं. गुंडूराव म्हणे, हा काळीज चोरून घरी नेतो. कृष्णात म्हणे, नेत नाही. खरं काय ते बोकडालाच ठाऊक.

पूजा सुरू झाली. एक नाव, एक विडा. दुसरं नाव, दुसरा विडा. कृष्णातनं ओंजळ पुढं केली. गुंडूरावनं त्याचं नाव घेतलं नाही. पाय उचलला आणि अंगठ्यानं त्याचा सुरा ओंडक्यावरून खाली ढकलला.

“चोराचा सुरा देवीला चालत नाही.”

सुरा फरशीवर पडला. कुंकू लावायचं राहिलंच होतं.

कृष्णात वाकला. सगळ्यांना वाटलं, सुरा कपाळाला लावून जाईल निघून. त्यानं तो कपाळाला लावलाही. आणि मग तसाच, वाकलेल्या अंगानंच, वर आणला. बरगडीच्या खालून आत. बोकड सोलणाऱ्याचा हात तो. त्याला वाट शोधावी लागली नाही. गुंडूराव “अगं” म्हणाला. पुढं काही म्हणाला नाही. दुसरा वार झाला, तिसरा झाला, मग मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं. कुंकवाचं ताट उपडं झालं. फरशीवर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनाही कळेना.

झेंडूच्या ढिगामागं गुंडूरावचा आठ वर्षांचा अभिमन्यू बसला होता. माळ ओवत होता. सुई त्याच्या बोटात आरपार गेलेली होती. ते संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं.

त्यानंतर अभिमन्यूनं मटण खाल्लं नाही. अंडंसुद्धा नाही. हॉटेलच्या मालकिणीचा एकुलता एक मुलगा दहीभात खाऊन वाढला, बी.कॉम. झाला, एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत लागला. रक्त दिसलं की तोंड फिरवायचा. लोक म्हणत, हेमाक्का, पोरगं देवमाणूस आहे.


खिमा

मला एवढंच सांगा, पीडितांचे मानवाधिकार कुठे गेले? – मी मध्ये बोललो नव्हतो, मला पूर्ण करू द्या – शिक्षा म्हणजे सूड नव्हे – तुमच्या घरात घडलं असतं तर? – कायदा भावनेवर चालत नाही – मग काय मतांवर चालतो? – बहुतेक कैदी वेळेवर परत जातात – आणि जे जात नाहीत? – ब्रेकनंतर भेटू – ब्रेकनंतर विचारू, तुमची मुलं सुरक्षित आहेत का –

हॉटेलातला टीव्ही हेमावतीनं बंद केला. टेबलापाशी बसलेला प्रदीपकुमार हसला. हा सत्तेतल्या पक्षाचा. तो आणि विनोदकुमार समाजाच्या वसतिगृहात एका ताटात जेवलेले. आता एकमेकांच्या फ्लेक्सवर शाई फेकत.

“अक्का, तू एकदा होसकोट्याला चल. चंद्राबाईच्या उशाशी बस. एक फोटो. जग बदलेल.”

“माझ्या फोटोनं?”

“माफ कर म्हणतच नाही मी तुला. माफ केल्यासारखं दिस, बस.”

“आणि तो विन्या म्हणतो, रडल्यासारखं दिस.”

“त्याचं ऐकू नको. त्याला मुडद्यावर मतं पाहिजेत.”

“तुला कशावर पाहिजेत?”

प्रदीपकुमारनं पायासूपची वाटी तोंडाला लावली. ती संपवून दुसरी मागवली.

हेमावतीला कृष्णातचा राग होता काय? होता. पंधरा वर्षं रोज सकाळी सत्तूर उचलताना पहिला घाव ती मनात त्याच्यावर घालायची. पण रागाचंही मटणासारखंच आहे. फार दिवस ठेवला की कडक होतो, मग त्याचं काही शिजत नाही. कृष्णात आत राहिला काय, आईचं तोंड बघून परत गेला काय, तिला झोप सारखीच येणार होती.

निदान अमावास्येपर्यंत तरी तिला असं वाटत होतं.


नळी

दर अमावास्येला ती गुंडूरावचा सुरा काढायची. तो गेल्यापासून त्या सुऱ्यानं कोणी काही कापलं नव्हतं. ती त्याला तेल लावायची आणि परत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवायची.

त्या अमावास्येला फडक्याची गाठ वेगळी होती.

तिनं सुरा उजेडात धरला. पातं नेहमीसारखं धुरकट होतं, पण कडेला एक चकाकती रेघ उठली होती. अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं. ते सरकलं नाही, रुतलं. धार लावली होती. तीही एकाच अंगानं, नवशिक्या माणसासारखी, दगडावर नुसतं ढकलून ढकलून.

कामावरच्या माणसांपैकी कोणी अशी धार लावली नसती.

अभिमन्यू बॅग पाठीला लावून दारातून निघाला होता.

“कुठं निघालास?”

“ऑफिस.”

“काल कुठं गेला होतास?”

“ऑफिस.”

“होसकोट्याला ऑफिस कधी काढलं तुझ्या कंपनीनं?”

अंदाजानं टाकलेला खडा होता. पण तो जागच्या जागी थांबला. त्यानं मागं वळून बघितलं, तिच्या हातातला सुरा बघितला. तोंड फिरवलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पातं बघून तोंड फिरवलं नव्हतं. हेमावतीनं सुरा पाठीमागं नेला.

“निळ्या दाराचं घर आहे,” तो शांतपणे म्हणाला. “समोर चहाची टपरी. बाज अंगणातच टाकतात. म्हातारीला उन्हात ठेवतात सकाळी. तो येऊन तिथंच बसणार.”

“अभी.”

“तू सभेला जा नाहीतर नको जाऊ. दोघं भाषणं करतील आणि तो येईल. येऊ दे. आत असता तर माझा हात पोचला नसता.”

“मी हा सुरा विहिरीत टाकीन.”

“सुरा लपवशील, आई. बाजार लपवशील काय?”

त्यानं बुटाची नाडी सारखी केली आणि बस पकडायला गेला. हेमावती दारातच खाली बसली. आता तिला कळलं की हा पॅरोल कोणासाठी धोक्याचा आहे. सगळे विचारत होते, तो बाहेर आला तर काय करेल. तो बाहेर आला तर तिचा मुलगा आत जाणार होता.


चरबी

म्हणून ती शनिवारी स्टेजवर चढली.

विनोदकुमारनं तिच्या खांद्यावर शाल टाकली. माईक नारळ किसल्यासारखा खरखरत होता. समोर दोनेकशे माणसं, मागं प्रदीपकुमारची पोरं काळे झेंडे घेऊन.

“मी गुंडूरावची बायको,” हेमावती म्हणाली. “त्याला सोडू नका.”

टाळ्या.

“माझं ऐका की आधी. त्याला सोडू नका, कारण माझा मुलगा त्याला मारणार आहे.”

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हेमावतीला वाटलं, ऐकू गेलं. आता कोणीतरी उठेल. कोणीतरी म्हणेल, पोराला सांभाळा.

“ही!” विनोदकुमारनं माईक हिसकावला. “ही आहे जनतेची भावना! सरकार न्याय देत नसेल तर या मातेच्या पोटी वाघ आहे वाघ!”

आणि मग टाळ्या अशा वाजल्या की बापरे. कोणीतरी अभिमन्यूला गर्दीतून शोधून काढलं. खांद्यावर घेतलं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो खाली बघत होता, अवघडल्यासारखा, पण उतरवा म्हणाला नाही. मागून कोणीतरी “खुनी आई-लेक!” ओरडला. त्यावर पहिली बाटली गेली. मग खुर्च्या गेल्या. आयुधपूजेला नजर उतरवून रस्त्यात फोडतात ते, ढीग करून विकायला ठेवलेले कोहळे लोकांनी उचलून एकमेकांच्या डोक्यात घातले. एकाचा कान फाटून लोंबत होता आणि तो तरीही “सार्वजनिक सुरक्षा झिंदाबाद” म्हणत होता. हेमावती माणसं ढकलत, कोपरानं मारत, कोणाच्या तरी हातावर पाय देत मुलापर्यंत पोचली. हार तिनं ओढून तोडला.

त्याच संध्याकाळी ती पोलीस ठाण्यात गेली. भीमाचार्य नावाचे सब-इन्स्पेक्टर होते. चांगला माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

“सायेब, पोराला महिनाभर आत ठेवा.”

“काय केलंय त्यानं?”

“अजून काही नाही.”

“मग?” ते हसले. “अम्मा, आई असंच बोलते. मुलगा कंपनीत आहे, एक साधी तक्रार नाही त्याच्यावर. बोलावून समज देतो, सरी? ठीक? ज्याच्यावर रेकॉर्ड आहे त्याच्यावर आमचं लक्ष आहे. तुम्ही काळजी करू नका.”

अभिमन्यूला बोलावलं, समज दिली. तो “यस सर” म्हणाला. बाहेर आल्यावर त्यानं आईसाठी ऑटो थांबवली.

पॅरोल मंजूर झाला. सुटकेचा दिवस खंडेनवमीचा.


सांधा

सकाळ. ओंडक्यावर लाल कापड. सगळे सुरे मांडलेले. हेमावतीनं एकेकाला कुंकू लावलं, नावं घेतली, विडे दिले. कृष्णातचा सुरा कोर्टानं नेल्यापासून त्याची जागा मोकळी होती; तिथं ती एक फूल ठेवायची. शेजारी गुंडूरावचा सुरा; तो लपवून काय उपयोग होता? आणि सगळ्यात शेवटी तिचा स्वतःचा, सांध्यातून मांस सोडवायचा, बोटाएवढ्या पात्याचा.

माणसं घरी गेली. अभिमन्यू आंघोळ करून आला. नवा फुल शर्ट, पाठीला बॅग. ओंडक्यापुढं उभं राहून त्यानं नमस्कार केला.

“आज उचलायचा नसतो,” हेमावती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग?”

“त्यानंही उचलला होता.”

“अभी, मी पाया पडते तुझ्या.”

“नको ना गं,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. “मला रोज दिसतंय ते. मीटिंगमध्ये दिसतंय. जेवताना दिसतंय. एकदा झालं की संपेल.”

“संपत नाही. मला विचार.”

त्यानं हात पुढं केला. उजवा हात. बापाच्या सुऱ्याच्या मुठीवर तो ठेवला, आणि हेमावतीनं त्याचं मनगट ओंडक्यावर दाबलं.

पन्नाशीची बाई, पण रोज बोकड उलटापालटा करणारा हात. तो ओढायला लागला. तिनं सगळं अंग मनगटावर टाकलं. दुसऱ्या हातात तिची छोटी सुरी कधी आली ते तिला कळलं नाही. पूजेतला सुरा त्या घरात दुसऱ्यांदा उचलला गेला.

अंगठ्याच्या मुळाशी एक दोरी असते. बोकडाला तशीच खुरामागं असते. ती हाडाला धरून असते म्हणून मूठ वळते. हेमावतीनं पातं आडवं घातलं. कातडी फाटली, पिवळसर चरबी दिसली, मग पांढरी दोरी. तो ओरडला. आठ वर्षांचा असताना तो ओरडला नव्हता. ती किंकाळी आता बाहेर पडली असावी, एवढी लांब. त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडावर मारलं, केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तिच्या ओठातून रक्त आलं. तिनं मनगट सोडलं नाही. पातं एकदा पुढं गेलं, एकदा मागं. दोरी तुटताना टचकन आवाज झाला आणि अंगठा उघड्या दारासारखा बाजूला पडला.

तेव्हा तिनं सुरी टाकली.

तो फरशीवर बसला होता, हात मांडीत धरून. “आई,” म्हणत होता. “आई, काय केलंस. आई.” ती त्याच्याजवळ बसली, मूठभर हळद दाबली, पदर फाडून करकचून बांधला. दोघांचं रक्त एकमेकांच्या अंगाला लागलं. मग तिनं ऑटो बोलावली. गल्लीभर फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकवात भिजलेला चिखल झाला होता. चाक दोनदा घसरलं.

जे. पी. नगरच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, मग हेमावतीचा फुटलेला ओठ बघितला.

“हे कसं झालं?”

हेमावतीनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तिनं येतानाच ठरवलं होतं.

“कोहळा फोडत होतो,” अभिमन्यू म्हणाला. “सुरी सटकली. माझ्याच हातून.”

“आणि यांचा ओठ?”

“आई धावत आली. पडली.”

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे बराच वेळ बघितलं आणि तेच लिहून घेतलं.


उरलेलं

कृष्णात महिनाभर राहिला. चंद्राबाई गेली. तिचं दहावं-बारावं करून, ठरलेल्या दिवशी तो परत गेला. काही घडलं नाही. प्रदीपकुमार म्हणाला, बघा, सुधारणा. विनोदकुमार म्हणाला, बघा, आमच्या दबावामुळं. दोघंही निवडून येणार नाहीत असं गल्लीतले म्हणत होते, पण दोघांचंही जेवण चालू होतं.

परत जायच्या दिवशी दुपारी एक म्हातारा समोरच्या फुटपाथवर येऊन थांबला. डोकं नुकतंच भादरलेलं, गालफडं बसलेली, हातात कापडी पिशवी. तो बरोबर त्याच्याच फ्लेक्सखाली उभा होता. काळेभोर केस, जाड मिशा, हा तुमच्या गल्लीत येतोय. येणारेजाणारे त्याला चुकवून पुढं जात होते. कोणी ओळखलं नाही.

हेमावतीनं ओळखलं.

गल्ल्यावर अभिमन्यू बसला होता. हात बरा होईपर्यंत कंपनीनं घरून काम करायला सांगितलं होतं. तोही बघत होता. तो उठला. समोरच्या पाटावर कांदा चिरायची सुरी पडली होती. त्यानं उजव्या हातानं ती उचलायचा प्रयत्न केला. बोटं मिटली, अंगठा मिटला नाही. सुरी पाटावर पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. डावा हात त्यानं वापरला नाही. का नाही वापरला, ते हेमावतीनं त्याला कधी विचारलं नाही.

समोरच्या माणसानं पाटीकडे बघत हात जोडले, की नुसती पिशवी सावरली, ते नीट दिसलं नाही. मध्ये बस आली. बस गेली तेव्हा फुटपाथ रिकामा होता.

हाताला टाके घातले होते, पण पकड पूर्ण आली नाही, येणारही नाही. अभिमन्यू डाव्या हातानं लिहायला शिकला, घास घ्यायला शिकला. एचएसआरला परत जाऊ लागला. आईशी तो बोलत नाही. दहीभाताचं ताट तिनं ठेवलं तर जेवतो, उठतो, ताट धुऊन ठेवतो.

एक गोष्ट मात्र त्याला अजून एकट्याला जमत नाही. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण तो डाव्या हातानं लावतो. डाव्या बाहीचं लावता येत नाही. रोज सकाळी निघताना तो स्वयंपाकघराच्या दारात येतो, नजर बाहेर रस्त्याकडे, आणि डावा हात पुढं करतो. हेमावती सत्तूर खाली ठेवते. हात धुते, साबणानं, दोनदा, नखांतलं रक्त निघेपर्यंत. पदराला पुसते. मग ते बटण लावते.

तो हात तेवढा वेळ तिच्या हातात राहतो.